उत्तर: दोन उंचवटे म्हणजे कृष्णविवरच का?

ताऱ्याच्या तेजाच्या आलेखात एका फेरीत दोन उंचवटे दिसले की जोडीला कृष्णविवर आहे, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय ते जरा घाईचं वाटतं. जोडीदाराच्या ओढीने तारा अंड्यासारखा लांबट होतो आणि फिरताना एका फेरीत दोनदा उजळतो, हे खरं. सिग्नस एक्स-१ या कृष्णविवर आणि ताऱ्याच्या जोडीची फेरी ५.६ दिवसांची, पण नुसत्या प्रकाशमापनात आधी २.८ दिवसच हाती लागतात. मात्र एकमेकांना चिकटलेले साधे जोडतारेही असाच आलेख देतात. वर्णपटातून ताऱ्याचा वेग मोजल्याशिवाय निकाल लागत नाही. उलट गाया यानाच्या मोजमापातून सापडलेल्या गाया बीएच१ या कृष्णविवराच्या जोडीची फेरी सुमारे १८६ दिवसांची. तिथला तारा कृष्णविवरापासून इतका दूर की जवळपास लांबट होतच नाही. ते कृष्णविवर सापडलं ताऱ्याच्या आकाशातल्या जागेच्या डुलण्यावरून.

कोकण किनाऱ्यावरून हा उजेड मोजायचा असेल तर एक अडचण. सिग्नस एक्स-१ चा तारा नवव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप), छोट्या दुर्बिणीतही येतो, पण बदल जेमतेम काही शतांश प्रतीचा. तो ज्यात आहे तो हंस तारकासमूह डोक्यावर असतो तेव्हा कोकणात धो धो पाऊस! ऑक्टोबरात आभाळ उघडतं, तर तो रात्री समुद्राकडे कलत जातो. आमच्या गुहागरला भिंगावर दवही धरतं, फडक्याने पुसत बसावं लागतं. म्हणून तुलनेचे तारे कॅमेऱ्याच्या त्याच चौकटीतले घ्या, आणि शक्यतो त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या रंगाचे, कारण क्षितिजाजवळची हवा निळा प्रकाश जास्त खाते.