मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे पापुद्रे पाण्यात टिकत नाहीत, दुसऱ्या दिवशी तळाला गाळ

दाभोळखाडी
एमएस्सीचा प्रकल्प, रत्नागिरी: थराथरांच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे (कोरडं वंगण) अतिपातळ पापुद्रे पाण्यात सुटे करायचेत. पावडर वंगणवाल्याकडची, कण ६ मायक्रॉनच्या आसपास. ५ मिग्रॅ/मिली पावडर, १.५ मिग्रॅ/मिली सोडियम कोलेट (साबणासारखं काम करणारा पित्तक्षार), बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरी सोडणारं पाण्याचं भांडं) ६ तास. मग सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० आरपीएमवर ४५ मिनिटं फिरवून वरची निवळ घेतो. निवळ फिकट करडी येते आणि सौम्य केल्यावर दुसऱ्या दिवशी तळाला काळा गाळ. डिस्टिल्ड पाणी पुरत नाही म्हणून सौम्य करायला बोअरचं वापरतोय, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९००. विभागात प्रोब सोनिकेटर (टोक थेट द्रावणात बुडवायचा) आहे, तो घेऊ का? आणि हे शेवटी मच्छीमार बोटींच्या विंचच्या (दोर ओढायच्या रहाटाच्या) ग्रीसमध्ये घालायचंय, चालेल ना?

निवळशंख
गाळ बोअरच्या पाण्यामुळे. कोलेट पापुद्र्यांना चिकटून त्यांना ऋण भार देतं, आणि त्या भाराच्या जोरावरच ते एकमेकांपासून लांब राहतात. किनाऱ्यालगतच्या बोअरात मीठ असतंच, वर कॅल्शियम-मॅग्नेशियम. हे दुहेरी भाराचे आयन तो भार झाकतात, मग पापुद्रे एकमेकांना धरून खाली बसतात. शिवाय नुसत्या पाण्याने सौम्य केलं की कोलेटही पातळ होतं. डिस्टिल्डमध्ये २ मिग्रॅ/मिली कोलेट विरघळवून त्यानेच सौम्य करा. काचसामानाची शेवटची विसळणीही डिस्टिल्डने.

निवळ फिकट येते ती बाथमुळे. बाथमध्ये ऊर्जा कुठे पोचते, कुठे नाही, हे पाण्याची पातळी आणि बाटलीची जागा यांवर ठरतं. प्रोब घ्याच. ८० मिली द्रावणात १.६ ग्रॅम पावडर (२० मिग्रॅ/मिली), स्टीलचा बीकर, बाहेरून बर्फाचं पाणी. ६०% अॅम्प्लिट्यूडवर १ तास चालवा आणि ५००० आरपीएमवर दीड तास फिरवा. इथे नेहमीच्या उलट करायचं: निवळ ओतून द्या, गाळ ठेवा. पावडरीतली विरघळणारी घाण आणि अगदी बारीक चुरा निवळीबरोबर जातो. वंगणाच्या ग्रेडला ही पायरी टाळली तर पुढचं सगळं मोजमाप संशयास्पद.

तो गाळ ताज्या कोलेटमध्ये (२ मिग्रॅ/मिली) मिसळून ५ तास, ६ सेकंद चालू, २ सेकंद बंद. टोक दीड-दोन सेंटिमीटर बुडलेलं हवं. वर राहिलं की फेस होतो, आणि फेसात गेलेली ऊर्जा वायाच. बर्फ बदलत राहा, गरम पाण्यात पापुद्र्यांच्या कडा लवकर ऑक्सिडाइझ होतात. टायटॅनियमचं टोक झिजून त्याची भुकटी नमुन्यात उतरते, म्हणून खड्डे पडलेलं टोक नको.

मग १५०० आरपीएम. लिहिताना मात्र ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) लिहा: १० सेंमी त्रिज्येला १५०० म्हणजे साधारण २५० जी, दुसऱ्या रोटरला आकडा बदलतो. ब्रेक बंद ठेवून थांबू द्या आणि वरचा दोन-तृतीयांश भागच पिपेटने उचला. नीट जमलं तर निवळ गडद हिरवट दिसते.

एनएमपी (एन-मिथाइल-२-पायरोलिडोन) या द्रावकाच्या नादी लागू नका. चांगलं काम करतं, पण प्रजननाला घातक, २०२ अंशांना उकळतं म्हणून फिल्ममधून निघता निघत नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या बाटलीत भराभर पाणी ओढतं.

एक्सायटॉन_६७०
यूव्ही-व्हिजिबल (नमुना किती प्रकाश अडवतो ते मोजणारं यंत्र) असेल तर रामनच्या (लेझरने विखुरलेला प्रकाश तपासणारी चाचणी) रांगेत थांबायची गरज नाही. ६७० आणि ६१० नॅनोमीटरच्या आसपास दोन उंचवटे दिसले पाहिजेत. ते पुसट आणि ७०० च्या पुढेही रेघ खाली येत नसेल तर जाड तुकडे प्रकाश विखुरताहेत, परत फिरवा. सांद्रतेसाठी ३४५ नॅनोमीटरचं वाचन घ्या, गुणांक साधारण ६९ मिली/मिग्रॅ·सेंमी. दहापट सौम्य नमुन्याला १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीची चौकोनी कुपी) ०.६९ आलं तर मूळ द्रावण ०.१ मिग्रॅ/मिली. गाळून, वाळवून वजन करणार असाल तर कोलेट भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर तुम्ही कोलेटच मोजताय.

रामनमध्ये ३८३ आणि ४०८ सेंमी⁻¹ या दोन शिखरांमधलं अंतर बघा: जाड पदार्थात साधारण २५, एका थराला १९ च्या आसपास. लेझर मंद ठेवा, तापल्याने शिखरं सरकतात. या पद्धतीत बहुतेक पापुद्रे काही थरांचेच निघतात. अहवालात ‘मोनोलेयर’ (एकच थर) लिहायची घाई नको.

हर्णैचा_नांगर
विंचचं विसरा. मॉलिब्डेनम डायसल्फाइड कोरड्या हवेत आणि निर्वातात घसरतं, तिथे घर्षणांक ०.०५ च्याही खाली जातो. दमट हवेत तोच ०.१ ते ०.२ होतो. त्यात खारं पाणी: लोखंडाला चिकटलेला हा थर गॅल्व्हॅनिक जोडी (छोटी बॅटरीच) बनवतो आणि लोखंड जास्त गंजतं. उघड्या विंचला कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस बरं. बंद गिअरबॉक्सच्या तेलात प्रयोग करता येईल, पण पाण्यातलं द्रावण तेलात ओतायचं नाही. धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये नेऊन, तेलात मिसळून अल्कोहोल उडवायचं. पूर्ण वाळवलं की पापुद्रे परत एकमेकांवर बसतात. आणि पदार्थाची घनता ५ च्या वर, तेलाची ०.९. डिस्पर्संट (कण तरंगते ठेवणारं रसायन) नसेल तर उभ्या बोटीत तळाशी जाणारच.

दाभोळखाडी
म्हणजे गिअरबॉक्सचं तेल. तयार निवळ किती दिवस ठेवता येईल?

निवळशंख
बाटली गच्च भरून, शक्य तर नायट्रोजन फिरवून, फ्रिजमध्ये, अंधारात. दर आठवड्याला ३४५ चं वाचन घ्या. गाळ न बसता वाचन उतरत असेल, किंवा निळसर झाक आली, तर ऑक्सिडेशन सुरू झालंय. ती बाटली तेलाच्या चाचणीला घेऊ नका.