शहरातून दिसलेला अरोरा: फोटो नकोत, डोळ्यांना काय दिसलं ते सांगा

ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, बघायला लोक पैसे साठवून नॉर्वेला जातात. 10 मे 2024 च्या रात्री तोच आपल्या दारात आला. मग त्याच ऑक्टोबरात, आणि पुन्हा 2025 च्या नोव्हेंबरात. फोनमधले गुलाबी फोटो सगळ्यांनी सगळ्यांना पाठवून झाले आहेत, म्हणून इथे अट एकच: उघड्या डोळ्यांना जे दिसलं तेवढंच लिहायचं. काही दिसलं नसेल तर तेही. सुरुवात मी करते.

टोरांटो

त्या दिवशी अक्षय तृतीया. डब्यातल्या रसाचा आमरस आणि पुऱ्या हाणून आम्ही सुस्तावलेलो. दुपारी लेकाने एप्रिलच्या ग्रहणाचे चष्मे शोधून काढले आणि सूर्यावरचा काळा डाग दाखवला. त्या डागांच्या समूहाला 3664 क्रमांक होता आणि त्याचा विस्तार पृथ्वीच्या पंधरापट होता, हे मागाहून वाचलं. तिथून उसळलेले भारित कणांचे लोट एकापाठोपाठ एक येऊन पृथ्वीवर आदळले, म्हणून तिच्या चुंबकीय क्षेत्रात 2003 नंतरची सगळ्यात मोठी खळबळ, म्हणजे चुंबकीय वादळ, झालं.

रात्री तळ्याकाठी गेलो. आमचं तळं शहराच्या दक्षिणेला, म्हणजे उत्तरेकडे बघावं तर सगळे दिवेच दिवे. "जागा चुकली" असं नवरा चार वेळा म्हणाला. आधी राखाडी पट्टे दिसले, विरळ ढगांसारखे. फोन धरला की जांभळे. मला वाटलं, फोनच रंगवतोय. साडेदहाला सहज मान वर केली तर ऐन डोक्यावर एका बिंदूतून पट्टे चहूकडे उतरत होते, छत्रीच्या काड्यांसारखे. त्यात फिकट गुलाबी, थोडा हिरवट रंग. हलत होते! मग जागेचा प्रश्नच उरला नाही.

आईला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात सकाळचे आठ. "काळंकुट्ट दिसतंय गं सगळं," ती म्हणाली. "तू बघ आधी, मला नंतर सांग."

लंडन

झोपलो होतो. इमारतीतले बाकी सगळे खाली बागेत होते म्हणे. पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

एडिसन, न्यू जर्सी

आमचा 10 ऑक्टोबर 2024. हॉल गुरुवारचाच मिळाला, म्हणून भोंडला गुरुवारी. खिरापत ओळखायचा खेळ रंगात आलेला, तेवढ्यात एकीचा मुलगा पार्किंगमधून धावत आला, "आकाश लाल झालंय." आम्ही पंचवीस-तीस जणी नऊवारीत बाहेर. मला पहिल्यांदा वाटलं, लांब कुठेतरी आग लागलीय. राख धरलेला निखारा कसा दिसतो, तसा मंद तांबूस रंग, झाडांच्या शेंड्यांवर. सप्तमी-अष्टमीचा चंद्र होता, शिवाय पार्किंगचे दिवे, तरी दिसला. पाच-सात मिनिटांत विरला. खिरापत ओळखायची राहूनच गेली. (काकडीची कोशिंबीर होती. कोणी ओळखली नसतीच.)

बोस्टन

एडिसनच्या ताईंना लालच का दिसला, त्याचं थोडं. हिरवा रंग साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. लाल त्याच ऑक्सिजनचा, पण दोनशे किलोमीटरच्याही वरचा. तुम्ही दक्षिणेला लांब असाल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे हिरवा भाग क्षितिजाखाली जातो आणि प्रकाशाच्या पडद्याची वरची लाल किनार तेवढी उरते. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ सुट्टीवर असतात, लालच्या बाबतीत तर फारच. फोन तीन-चार सेकंद प्रकाश गोळा करतो. त्यामुळे फोन खोटं बोलत नाही, डोळाही नाही. मला स्वतःला? राखाडी. दोन्ही वेळा.

डॅलस

नोव्हेंबर 2025, मंगळवारची रात्र. अटीप्रमाणे खरं सांगतो: डोळ्यांना शून्य. फोनमध्ये लाल. रूममेट म्हणाला समोरच्या पंपाची पाटी असेल, म्हणून पंपाकडे पाठ करून पुन्हा काढला. तरी लाल. मी नागपूरला घरी फोन करून "अरोरा पाहिला" असंच सांगितलंय, कृपया इथून कोणी कळवू नये.

अलिबाग

मी पाहिलेला नाही, पण लिहितो. आमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. पूर्वी ती मुंबईत कुलाब्याला होती; तिथे विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय सुया बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ती इकडे आली. त्याआधी, 2 सप्टेंबर 1859 रोजी, कुलाब्याच्या नोंदवहीत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (हे ते क्षेत्र मोजायचं एकक) कोसळल्याची नोंद आहे. त्या वादळाच्या अभ्यासकांना आजही त्या वहीकडे यावं लागतं. 2024 च्या मे महिन्यातलं वादळ साधारण 400 चं, यावरून अंदाज करा. आणि 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री खुद्द मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे. त्या वेळी मुंबईत विजेचे दिवे नव्हते.

लडाखात हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही 11 मे 2024 च्या पहाटे लाल झाक टिपली. कॅमेऱ्यांनी, म्हणजे या धाग्यावर बाद.

टोरांटो

काका, बाद नाही हो! 1872 च्या मुंबईकरांना अट लागू करून तुमचा अनुभव दाखल करून घेतला आहे.

ग्लासगो

अकरा वर्षं इथे राहतो. उत्तरेला एवढा वर, की सगळे समजतात मी रोजच बघत असेन. अरोराचा इशारा आला की ढग येतात. एकदा हायलंड्सपर्यंत गाडी हाकली, पाऊस. आणि 10 मेला मी रत्नागिरीत होतो, आंबे खायला. पहाटे शेजाऱ्याने फोटो पाठवला. हिरवं-जांभळं आकाश आणि खाली माझं अंगण, दोरीवर मी वाळत टाकून विसरलेला टॉवेल. टॉवेलही जांभळा दिसत होता.