तोस्कानातलं शेतघर: भाड्याआधी विजेचं विचारा

आठ जणांसाठी इटलीतल्या तोस्कानात (टस्कनीत) आठवडाभर जुनं शेतघर घ्यायचंय, भाडं किती पडेल, असा प्रश्न आहे. भाडं ठरेलच, पण आगाऊ रक्कम भरण्याआधी मालकाला विजेची जोडणी किती किलोवॅटची ते विचारा. इटलीत घरगुती जोडणी बहुधा ३ किलोवॅटची असते. दगडी भिंती, चेस्टनटच्या तुळया, सगळं नीट डागडुजी केलेलं, तरी मीटर तोच राहिलेला असू शकतो. ओव्हन २ किलोवॅट, किटली २ किलोवॅट. दोन्ही एकदम चालू राहिले की वीज जाऊ शकते. घरातल्या पेटीतले सगळे खटके वर दिसतात, कारण पडलेला असतो तो मीटरचा खटका, आणि मीटर बरेचदा फाटकाजवळच्या पेटीत असतो. उजेड असतानाच ती जागा बघून ठेवा.

गावाबाहेर गॅसची लाइन क्वचितच, टाकीतला एलपीजी असतो. म्हणून हीटिंगचे पैसे बरेचदा वेगळे, मीटरवर घनमीटरप्रमाणे. ऑक्टोबरात जाणार असाल तर दर लेखी घ्या. गार पडलेली जाड भिंत लवकर तापत नाही.

शेवटचा रस्ता खडीचा असू शकतो. नऊ सीटर व्हॅनपेक्षा दोन छोट्या गाड्या बऱ्या. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या.

आणि जाहिरातीत ‘सीआयएन’ (CIN, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराचा इटलीतला राष्ट्रीय ओळख क्रमांक) आहे ना ते बघा. १ जानेवारी २०२५ पासून तो सक्तीचा आहे. नसेल तर ते घर सोडून द्या.