प्रतिसाद: नुसती चित्रं नाहीत हो!
वर काकांनी विचारलंय, आर्किटेक्ट पुतण्याने परदेशी गोल्फ कोर्स डिझाइनमध्ये जावं का, की तिथे नुसती चित्रंच काढायची? चित्रं हा सोपा भाग. गोल्फ कोर्स डिझायनर ॲलिस्टर मॅकेन्झी, शिक्षणाने डॉक्टर, १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉयल मेलबर्न गोल्फ कोर्सचा आराखडा देऊन काही आठवड्यांत परतला. कोर्स उभा केला तिथल्याच ॲलेक्स रसेल आणि मिक मॉरकमने. खरा कस पाण्याच्या निचऱ्यात लागतो. ग्रीनखाली (ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) साधारण ३० सेंमी वाळू, तिच्याखाली १० सेंमी खडी, मग पाइप. (पावसात दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून गेलेल्याला हे चटकन कळेल.) पुतण्या दादरचाच ना? त्याला आधी बुलडोझरने जमिनीला आकार देणाऱ्या शेपरच्या हाताखाली साइटवर राबू दे, स्टुडिओ नंतर.