शब्दचर्चा: जीवाणूचे ‘निदान’ होते का?

मांजरातीर (लातूर):
क्षयरुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचे मराठी करताना अडले आहे. बेडक्यातल्या डीएनएचा ठरावीक तुकडा सीबीनॅट यंत्र असंख्य पटींनी वाढवते आणि सुमारे दोन तासांत क्षयाचा जीवाणू आहे का, असल्यास तो रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला दाद देईल का, हे सांगते. जीवाणू असल्याचे कळणे आणि तो कोणता हे ठरवणे, या दोन्हींना जुन्या पत्रकात ‘निदान’ हा एकच शब्द आहे. आपण काय लिहाल?

बालाघाट (बीड):
निदान रोगाचे होते, जीवाणूचे नाही. आयुर्वेदात तर निदान म्हणजे रोगाचे कारण. ‘शोध’ आणि ‘ओळख’ एवढे पुरे.

गोदाकाठ (नांदेड):
माझे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते. कारभार उर्दूत चालत असल्यामुळे ओळख पटवण्याला ते अखेरपर्यंत ‘शिनाख्त’च म्हणत. ‘ओळख’ साध्या परिचयालाही चालते. शिनाख्तीत पुराव्यानिशी खात्री अभिप्रेत आहे, म्हणून तोच शब्द इथे नेमका बसतो.

बालाघाट (बीड):
काका, फारसी शब्द रुग्णाच्या माथी कशाला मारायचा?

गोदाकाठ (नांदेड):
ज्या नमुन्यावर चाचणी होते तो ‘नमुना’ही फारसीच आहे आणि त्यावाचून आपले एक दिवस चालत नाही.

दुधना (परभणी):
मी प्रयोगशाळेत काम करते. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात तेव्हा, आधी वाढ दिसते, आणि क्षयाच्या बाबतीत तिलाच काही आठवडे लागतात. जीवाणू कोणता हे त्यानंतर ठरते, म्हणून तिथे दोन शब्द लागतात. सीबीनॅटचे प्रायमर, म्हणजे वाढवायचा तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे, क्षयजीवाणूच्या जनुकासाठीच बेतलेले असल्यामुळे तुकडा वाढला की शोध आणि ओळख एकदमच होतात. याउलट अनोळखी जीवाणू हाती आला, तर सगळ्या जीवाणूंत असणाऱ्या १६ एस या जनुकाची डीएनएतली सुमारे १,५०० अक्षरे वाचून ती आधी नोंदवलेल्या जनुकांशी ताडून पाहावी लागतात. ती निव्वळ ओळख.

तेरणा (धाराशिव):
मला ‘आढळला’ या शब्दाची अधिक काळजी वाटते. उपचार पूर्ण केलेल्या एका बाईंच्या अहवालात ‘जीवाणू आढळला’ असे वाचून घरच्यांनी त्यांचे ताट-वाटी पुन्हा वेगळे केले. मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही बेडक्यात काही काळ राहतो आणि यंत्राला मेलेला-जिवंत हा भेद कळत नाही. म्हणूनच उपचार कितपत लागू पडले हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी किंवा कल्चर करतात. ‘जीवाणूचा डीएनए आढळला’ असे लिहावे.

बालाघाट (बीड):
ताई, डीएनए म्हणजे काय हे किती रुग्णांना ठाऊक असते? ‘जीवाणूचा अंश’ म्हणावे.

दुधना (परभणी):
अंश म्हटले की काहीतरी जिवंत उरले आहे असा समज होईल. ‘खूण’ बरी.

गोदाकाठ (नांदेड):
खूण पटते, आणि जी पटते ती शिनाख्तच.

तेरणा (धाराशिव):
खूण मला मान्य आहे. परंतु ‘आढळली नाही’ हे वाचून लोक रोगच नाही असे धरून चालतात, आणि डबीत बेडक्याऐवजी नुसती थुंकी आली असेल तर खूण हुकूही शकते. त्या वाक्याचे मराठी कसे करावे?