मदत हवी आहे: डंपमध्ये स्पिनलॉक मोकळा, मग यादीतला नोड काढला कोणी?

नमस्कार मंडळी,
महापे एमआयडीसीत एका कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरवर काम करतो. लोड वाढला की मशीन मध्येच पॅनिक होतं, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) कोलमडून सगळं थांबतं. केडंप (क्रॅशच्या वेळची मेमरी जतन करणारी सोय) लावलेलं असल्यामुळे व्हीएमकोअर, म्हणजे त्या मेमरीची डंप फाईल, हातात आहे.

दर वेळी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट (इथे अवैध पत्ता वापरल्याची सीपीयूची तक्रार), आणि रजिस्टरमध्ये ‘डेड’ने सुरू होऊन १०० ने संपणारा पत्ता. यादीतून काढून टाकलेल्या नोडच्या (घटकाच्या) नेक्स्टमध्ये, म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता असतो तिथे, कर्नल मुद्दाम भरून ठेवतं तेच हे विष. म्हणजे एक सीपीयू यादी वाचत असताना दुसऱ्याने त्याच्या पायाखालचा नोड काढला. इथवर शंका नाही.

घोडं अडलंय ते पुढे. डंपमध्ये यादीच्या स्पिनलॉकची (एका वेळी एकाच सीपीयूला यादी हाताळू देणारं कुलूप) किंमत शून्य, म्हणजे ‘मोकळा’, दिसते आणि सगळ्या सीपीयूंचे बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे आले ती साखळी) पाहिले तर बाकीचे निवांत आयडल! पॅनिक झाल्यावर एनएमआय (सीपीयूला टाळता न येणारा इंटरप्ट) पोचून बाकीचे सीपीयू थांबेपर्यंत ते धावतच असतात, त्यामुळे गुन्हेगार तोवर पसार होत असावा. आरसीयू (लॉक न घेता यादी वाचू देणारी कर्नलची पद्धत) कुठेच वापरलेलं नाही, हे आधीच सांगतो. लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारा लॉकडेप गप्प आहे, पण लॉक घ्यायलाच विसरलेल्या कोडवर तो बोलणार तरी काय? केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावलं की मशीन इतकं मंदावतं की क्रॅशच येत नाही.

५.८ आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेलं केसीसॅन (दोन सीपीयूंनी एकच डेटा लॉकशिवाय एकदम हाताळला तर पकडणारं साधन) कोणी स्वतःच्या मॉड्यूलवर चालवलंय का? की नोड काढतानाच सीपीयू आणि कॉलरचा (काढायला सांगणाऱ्या कोडचा) पत्ता नोडमध्ये लिहून ठेवणं सोपं? ऐरोली-घणसोलीकडे कोणी कर्नलवाले असतील तर प्रत्यक्ष भेटायलाही येईन, चहा माझ्याकडून.