नववीची मुलं भडक ग्रुपांत ओढली जातायत, वर्गात काय घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी पोरं एकाच बाकावर बसतात. त्यातली काही आता अशा ग्रुपांत आहेत, जिथे दिवसभर 'आपल्यावर संकट आलंय, तू काय करणार?' एवढंच चालतं. ग्रुप दोन्हीकडचे आहेत, तेव्हा 'आधी त्यांना सांगा' हा वाद इथे नको.

परवा एकाने व्हिडिओ दाखवला. जमाव, दगडफेक, वर मजकूर 'आपलं सोलापूर, काल रात्री'. मागच्या बाकावरच्या पोरीने तो थांबवला, मोठा केला. "मॅडम, दुकानाची पाटी बघा की. मराठी नाही, कन्नड नाही, तेलुगू नाही. बंगाली दिसतंय." चार लिप्यांच्या पाट्या वाचत वाढलेली नजर! मी खूश. तर व्हिडिओवाला शांतपणे म्हणाला, "खोटा असू दे की मॅडम, पण ते लोक असलेच असतात ना."

माझं घोडं इथं अडलंय. खोटं पकडायला शिकवता येतं, पण या 'असलेच असतात'चं काय करू?

राईनपाड्याचं सांगितलं. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून खाणारे, बहुतेक आपल्याच मंगळवेढ्याकडचे. वर्ग गप्प झाला. ऑक्टोबर 2002 ची इथली दंगलही सांगितली: अमेरिकेतला एक धर्मोपदेशक टीव्हीवर काहीतरी बरळला आणि माणसं मेली सोलापुरात. ऐकतात, हळहळतात, मधल्या सुट्टीत परत तोच ग्रुप.

शिवाय इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून एकाने विचारलं, "चार हुतात्म्यांनी पण कायदा मोडलाच की, मग आम्ही का नको?" यावर वर्गात कसं बोलावं? आणि पालकसभेला बोलवावं तर वडील यंत्रमागावर, आई विड्या वळण्यात. पोलिसांपर्यंत जायची वेळ नाही, पोरावर शिक्का बसायला नको.

प्रतिसाद १
मॅडम, शाळांमध्ये समुपदेशन करतो. त्या मुलाशी मतावर वाद घालू नका, ग्रुपमध्ये त्याला काय काम दिलंय ते एकट्याला गाठून विचारा. बहुतेकदा कुणीतरी त्याला ॲडमिन केलेलं असतं, 'भाऊ' म्हटलेलं असतं. घरी-शाळेत कुणी विचारत नाही, तिथे विचारतात. तसं वजनाचं काम शाळेत द्या.

वर्गासाठी: दोन गट पाडा, शेंगाची चटणी दह्यात कालवणारे आणि तेलात कालवणारे. एकमेकांविरुद्ध भडकाऊ मेसेज लिहायला लावा. दहा मिनिटांत 'सगळे तसलेच', 'आता नाही तर कधीच नाही', 'गप्प बसला तो गद्दार' आपोआप येतं. मग त्यांच्याच ग्रुपातला एखादा मेसेज शेजारी ठेवा, बोलू काही नका. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात हीच कल्पना मांडली होती: भडकवण्याचा थोडा नमुना आधीच दाखवला की मन सावध होतं, लस टोचल्यासारखं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2018 मध्ये त्यावर ऑनलाइन खेळही काढला.

धमकी किंवा हत्याराचा विषय आला तर मात्र थांबू नका, मुख्याध्यापकांना सांगा. 1098 वर मुलांसाठी मदत मिळते.

प्रतिसाद २
हुतात्म्यांच्या प्रश्नाला घाबरू नका, तो चांगला प्रश्न आहे. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेली नावं फळ्यावर लिहा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मग विचारा, हे लढले कुणाशी, सरकारशी की गल्लीतल्या शेजाऱ्याशी? त्यांच्या लढ्यावर मतभेद असतील तर तेही बोलू द्या. पोरांना तयार उत्तर दिलंत तर तुम्हीही एक ग्रुपच झालात.

मूळ धागाकर्ती
दोघांचेही आभार. चटणीचा तास शनिवारी घेते. पण सर, तो व्हिडिओवाला तास संपल्यावर 'मॅडम, आमचं खरंच आहे' म्हणाला तर पुढचं वाक्य काय बोलू? कुणी प्रत्यक्ष बोललं असेल तर तेवढं सांगा.